पंगत आली की व्होल्टेज पडायचं

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे, तेव्हा आता माझी करायची असेल तर खुशाल करा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली बाई मी. दिवा लुकलुकला की मला आधी लूज कनेक्शन आठवतं, देव नंतर.

२००३ च्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात कसबा बावड्याला आमचं लग्नाच्या व्हिडिओचं दुकान होतं. मिस्टर शूटिंग करायचे, मी कॉम्प्युटरवर मिक्सिंग. एका लग्नाचं रेंडरिंग, म्हणजे जोडलेली फिल्म तयार होणं, दिवसभर चालायचं आणि मध्येच व्होल्टेज पडलं की मशीन रिस्टार्ट... केलेलं सगळं पाण्यात! म्हणून पोटाला चिमटा काढून मोठा स्टॅबिलायझर घेतला होता. त्याच्या व्होल्टेज दाखवणाऱ्या काट्यावर माझा जेवढा विश्वास, तेवढा मिस्टरांवरही नव्हता.

कोडोलीचं एक लग्न होतं. नवरीचा भाऊ महेश, विशीतला पोरगा, पंगतीत आमटी वाढत होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत शेतातली मोटर चालू करताना शॉक लागून तो गेला. लगेच धागे जुळवू नका... मीही जुळवले नव्हते.

त्याची आई एसटीने आमच्याकडे आली. रडली नाही, काही नाही. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "ताई, पंगतीत त्यो क्यामेऱ्याकडं बघून कायतरी बोलला म्हनं. मी आत हुते, मला ऐकाय न्हाई आलं. त्येचा आवाज दुसरा कुटंच न्हाई बगा. तेवढं दावा की. बाकीचं लगीन ऱ्हाऊ दे."

मिस्टरांना विचारलं. गोंगाटात त्यांनाही काही ऐकू आलं नव्हतं, नुसते ओठ हललेले दिसले होते.

कॅसेट लावली. हळद, अक्षता, सगळं व्यवस्थित. पंगत आली. महेश बादली घेऊन वळला, हसला, तोंड उघडलं — आणि स्टॅबिलायझरचा काटा सरळ खाली! स्क्रीन काळी.

"थांबा मावशी, लाईटचं काहीतरी आहे," म्हणून पुन्हा लावली. पुन्हा तिथेच.

मग मी इरेला पेटले. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय बदलला, यूपीएस बदलला, मीटरपासून वेगळी वायर ओढून घेतली. वायरमन सगळं तपासून म्हणाला, "ताई, लाईनीत काय बी फॉल्ट न्हाय." शेजारची पिठाची गिरणी तर त्याच वेळी निवांत दळत असायची. बाकीच्या लग्नांच्या कॅसेट दिवसदिवस चालायच्या, काटा हलायचा नाही. शेवटी मंडपवाल्याचा जनरेटर आणला. तोही महेशने तोंड उघडलं तसा घरघरून बंद पडला. मी जनरेटरला लाथ घातली, खोटं कशाला सांगू.

खरी भीती वेगळीच होती. चालू कॅसेटवर असा करंट गेला की टेप आत अडकते, चुरगळते. म्हणजे प्रत्येक प्रयत्नात त्या पोराचा आवाज मीच थोडा थोडा खराब करत होते. हे कळत होतं, पण प्रयत्न न करता दाखवणार कसं? आणि मावशी यायच्या, पिशवी मांडीवर घेऊन विचारायच्या, "आज हुईल न्हवं?" मला लाईटवाल्यांचा राग यायचा, मिस्टरांचा यायचा, आणि कधीकधी चक्क मावशींचा.

शेवटचा उपाय म्हणून कॅसेट कॅमेऱ्यातच घातली. लाईटचा संबंधच नको, नुसती बॅटरी, तीही फुल चार्ज. मावशींनी छोट्या भिंगाला डोळा लावला. मी त्यांच्या हेडफोनची वायर धरून उभी.

"आला... आला गं माझा! हसतोय बगा —"

आणि कॅमेरा बंद. बॅटरी ठार रिकामी. उघडून बघते तर टेप आत गुंडाळून नेमकी तिथेच तुटलेली. मी हातात ते दोन तुकडे धरून उभी राहिले. रडू आलं मला, माझ्याच दुकानात, गिऱ्हाइकासमोर.

मावशी मिस्टरांकडे वळल्या. "दादा, तुमी तर समोर हुता. काय म्हनला, तेवढं तरी आठवून सांगा की."

मिस्टर म्हणाले, "वैनी, तू आदी जेवून घे, असं म्हणाला."

मावशींनी पदर तोंडाला लावला. "व्हय... दिरांचं ऐकून मला वैनीच म्हणायचा. जलमात आई म्हनला न्हाई." मग हुंदका फुटला, तो थांबेना. जाताना मात्र मिस्टरांच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या.

त्या गेल्यावर मी यांच्यावर उखडले. इतके दिवस आठवत होतं तर बोलला का नाहीत?

"आठवत न्हवतंच," ते म्हणाले. "तिच्याकडं बघवंना, म्हणून मनानंच कायतरी सांगायला गेलो."

"मग वैनी कुठून आलं?"

लग्नघरात कानावर पडलं असेल, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण त्या घरात ज्यांना वैनी म्हणून हाक मारत अशा दहा बायका होत्या. कुणाचा पोरगा कुणाला काय म्हणतो, हे कॅमेरावाल्याला कुठून कळणार? आज इतक्या वर्षांनीही मला ते जुळवता आलेलं नाही.

कारण मिस्टर तेव्हा एवढंच म्हणाले होते, "खरं सांगू? मी 'आई' म्हणणार होतो. तोंडातनं 'वैनी' आलं."