खंदकातला शेवटचा अंक

पडदा अजून खाली आहे. लाल कापडाचा हा पडदा उरकियाने जुन्या मिरवणुकांच्या फलकांतून स्वतः शिवलेला. अक्षरं दिसू नयेत म्हणून तिने कापड उलटं लावलं होतं, पण मागे दिवा लागला की ती उमटायचीच. 'शांतता' पूर्ण, आणि शेजारी 'विजय' अर्धा, कारण उरलेलं कापड खिडक्यांना गेलं होतं. खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या फुलीसारख्या चिकटवलेल्या. कोपऱ्यात विटांची मोठी चूल धगधगते आहे. सात ओळी बाकं, आणि एकही जागा रिकामी नाही. १९७४ सालच्या ऑक्टोबरातली दुपार, तीनचा सुमार. कझाख माळरानावरचं ताल्दीसाय गाव नाटक बघायला बसलं आहे.

उरकिया गावाच्या नाट्यगृहाची राखणदार. चूल पेटवणं, झाडणं, तिकिटं फाडणं, आलेल्या मंडळीला चहा देणं, नट अडखळला तर रंगमंचापुढच्या खोक्यात बसून पुढचं वाक्य सांगणं, सगळं तीच करायची. वय चाळीस, लग्न केलं नव्हतं. ही बाकं तिच्या धाकट्या भावाने, एर्देनने, आपल्या हाताने केली होती. एर्देन सव्विसाव्या वर्षी गेला. अंगावर निळे डाग उठायचे, हिरड्यांतून रक्त यायचं. डॉक्टर तपासायचे, कागदावर लिहायचे आणि कागद घेऊन जायचे. आजाराचं नाव घरच्यांना कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं नसतं हे घरच्यांना ठाऊक होतं.

आता जिल्ह्याच्या कचेरीला त्या नाट्यगृहात लोकरीचं कोठार करायचं होतं. गावकऱ्यांना नाटकाची आवड नाही, जागा वाया जाते, असं तिथल्या साहेबांचं म्हणणं. शेवटची संधी म्हणून सेमेय शहरातली नाटकमंडळी पाठवली, आणि मंडळीच्या प्रमुखाने भरून आणायचा एक कागद. त्यावर प्रश्न होता: प्रेक्षक शेवटपर्यंत थांबले का?

म्हणून उरकिया आठ दिवस दारोदार फिरली होती. "या, पण मधे उठायचं नाही," एवढंच सांगत. "पोटात दुखलं तरी बसून दुखू द्या."

नाटक काळाला धरून होतं. समुद्रापलीकडच्या देशाचा एक हेर आपल्या देशात शिरतो. हेराचं काम करणाऱ्या बेकेन नावाच्या पोराला पिवळ्या लोकरीचे केस आणि मोठी काळी टोपी घातली होती. तो आला की बायका खुदखुदायच्या. प्रमुख शायमेर्देन पन्नाशीचा, धिप्पाड, आवाज असा की मागच्या ओळीतला बहिराही मान डोलवायचा. तो आपल्या सैन्याचा अधिकारी झाला होता. दुसऱ्या अंकात हेर बॉम्ब दडवतो, अधिकारी गणवेशात धावत येतो आणि शिट्टी फुंकून ओरडतो, "सगळे बाहेर! जमिनीवर पडा!"

पहिला अंक झकास झाला. दुसरा रंगात आला. शायमेर्देन गणवेशात धावत आला. त्याने शिट्टी फुंकली.

आता ताल्दीसायची एक गोष्ट शहरातल्या या माणसाला ठाऊक नव्हती. गावापासून सत्तर किलोमीटरवर बंदिस्त माळ होता. तिथे सरकार आधी उघड्यावर आणि पुढे जमिनीखाली अणुबॉम्ब उडवून बघायचं. त्याआधी गावात गणवेशातला माणूस यायचा, शिट्टी फुंकायचा आणि अगदी हेच म्हणायचा. मग धक्क्याने चूल फुटू नये म्हणून धुराड्याची झडप उघडायची, बाहेर रस्त्याकडेच्या खंदकात पालथं पडायचं, काचा थरथरायच्या थांबल्या की उठायचं. पंचवीस वर्षं गाव हेच करत आलं होतं.

सगळ्यांत आधी उरकिया उठली. खोक्यातून बाहेर पडून तिने धावत जाऊन चुलीची झडप उघडली. तिच्यामागे सात ओळी उभ्या राहिल्या. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. म्हाताऱ्यांना धरून, पोरं काखोटीला मारून, अर्ध्या मिनिटात गाव बाहेर. रंगमंचावर शायमेर्देन आणि हेर तेवढे उरले.

"आगा," बेकेन प्रमुखाकडे वळून कुजबुजला, "इतकं वाईट केलं का मी?"

तेवढ्यात गावातले सर्वांत वडील, म्हणून 'आक्साकाल' म्हणवले जाणारे तुर्लीबेक दारातून परत आले आणि त्यांनी बेकेनच्या काळ्या कोटाची बाही धरली. "उभा काय राहिलास? चल!"

"पण आक्साकाल, मी तर हेर..."

"अरे, परका असलास म्हणून काय झालं? काच फुटली की तुझ्याही अंगात घुसेल. हो आडवा!"

आणि त्यांनी पिवळ्या केसांच्या त्या हेराला ओढत नेऊन खंदकात आपल्याशेजारी झोपवलं.

कोरड्या गवतात तोंड खुपसल्यावर उरकियाच्या लक्षात आलं. शिट्टी नाटकातली होती. प्रेक्षकांना आपणच बाहेर काढलं. भावाची बाकं आता लोकरीच्या पोत्यांखाली जाणार. तिने मान वर केलीच नाही.

शेजारी तुर्लीबेक वेळ घालवायला बोलत होते. "काय रे परक्या, तुमचं न् आमचं भांडण तरी कशावरून?"

बेकेनला संवाद पाठ होते. "आम्ही म्हणतो कारखाना मालकाचा. तुम्ही म्हणता कामगाराचा."

"माझ्याकडे सतरा मेंढ्या आहेत. कारखाना नाही."

बेकेन हेर व्हायचं विसरला. "ते भितात आपल्याला, आक्साकाल, म्हणून बॉम्ब करतात. आपण त्यांना भितो, म्हणून आपण करतो."

"आणि काचा माझ्या फुटतात," तुर्लीबेक म्हणाले. पलीकडून त्यांच्या म्हातारीने कोपर मारलं, "हळू बोला हो! तोंड आहे की भोंगा?"

एवढ्यात खंदकाच्या काठावर बुटांचा आवाज झाला. शायमेर्देन उभा होता. पालथं पडलेलं गाव त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. फुल्या मारलेल्या खिडक्या पाहिल्या. हातातल्या शिट्टीकडे पाहिलं. सेमेयमध्येही जमीन हलायची. तिकडे लोक दिव्याच्या झुंबराकडे बघायचे आणि विषय बदलायचे. त्याचा चेहरा उतरला. त्याने शिट्टी खिशात टाकली.

"आपा," तो उरकियाला म्हणाला, "मधे कुणी उठायचं नाही, असं तुम्ही यांना सांगितलंय म्हणे?"

"माझंच चुकलं, आगा. मीच उठले आधी."

"मग आता तुम्हीच सांगा. पुढचं वाक्य काय होतं माझं?"

तिला ते पाठ होतं. तिने मातीत तोंड ठेवूनच ते सांगितलं. शायमेर्देनने ते असं म्हटलं की माळावरचे घोडे कान टवकारून बघू लागले. बेकेनने टोपी झटकून गवत काढलं आणि काठावर उडी मारली. उरलेला अंक त्यांनी तिथेच केला. गाव खंदकाच्या कडेला पाय सोडून बसलं. अजून पडूनच असलेले दोघेतिघे आरामात कुशीवर वळले. शेवटी अधिकाऱ्याने हेराला पकडलं, तेव्हा तुर्लीबेक ओरडले, "त्याला मारू नका रे, तो माझ्याशेजारी झोपला होता!" हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

चहा घेता घेता शायमेर्देनने कागद भरला. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि उरकियाच्या हाती वाचायला दिला. 'प्रेक्षक शेवटपर्यंत थांबले. काही जणांनी आडवे राहून नाटक पाहिले.'

लोकर दुसऱ्या गावी गेली. एर्देनची बाकं जागची हलली नाहीत. त्या बाकांवर पुढे गावातली लग्नं ठरली, पोरं पाढे शिकली, आणि पंधरा वर्षांनी, आता पुरे झाले हे स्फोट, असं लोक पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले, तेही याच बाकांवर बसून.

कझाख घरात हिवाळ्याच्या तोंडाला घोडा कापतात, तेव्हा जवळच्या माणसाचा वाटा मीठ लावून बाजूला ठेवतात, तो वसंतात येईपर्यंत. त्या वर्षापासून उरकियाने शायमेर्देनचा वाटा ठेवला. तो दर वसंतात यायचा, मांस खायचा, एखादा प्रवेश फुकट करून जायचा. त्याचे गुडघे थकले तेव्हा ती वाटा बसने पाठवू लागली. बेकेन त्या दुपारनंतर पुन्हा कधी आला नाही. दूरच्या शहरात गेला, एवढंच कळलं.

१९९१ मध्ये तो माळ बंद झाला. बातमी ऐकली तेव्हा उरकिया कणीक मळत होती. हात न धुताच ती नाट्यगृहात गेली, कोमट पाणी आणि सुरी घेऊन काचांवरच्या पट्ट्या खरवडायला बसली. सगळ्या निघायला तीन दिवस लागले. इतकं ऊन त्या बाकांनी कधी पाहिलं नव्हतं.

तीन वर्षांनी तिच्याही दंडावर निळे डाग उठले. या वेळी डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं. तिने त्याचे आभार मानले. नाव कळायला एका आयुष्याहून जास्त लागलं होतं. त्या डिसेंबरात ती अंथरुणावर होती. अंगणात भाची मांस कापत होती, आणि उरकियाने तिला खिडकीतून हाक मारली.

"शायमेर्देन आगांचा वाटा काढलास ना? बरं. आता त्या पिवळ्या केसांच्या परक्याचाही काढ. लांबून यायचंय त्याला."