अल्बममधली नवरी

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे आणि गेली बावीस वर्षं मी लोकांना हसवून पोट भरतो. लग्नात आपणहून कुणी हसत नाही. मुलाचा बाप जेवणावळीच्या काळजीत असतो, मुलीचा बाप त्याहून मोठ्या काळजीत, आणि फेटे बांधलेले मामा-काका कॅमेऱ्यासमोर असे ताठ उभे राहतात, जणू फौजदार आलाय. या सगळ्यांना आनंदी दाखवायचं ही माझी कला. सावळ्याला गोरं करतो, थकलेल्याला ताजं करतो, रुसून बसलेल्या आत्याला दुसऱ्या फोटोतून उचलून घोळक्यात आणतो. गिऱ्हाईक म्हणतं, "लई भारी हाय," की मी खूश.

या कलेचा मला फार गर्व होता. तो सत्र न्यायालयात उतरला.

आमच्याच भागातल्या एका गावात चाळिशी ओलांडलेल्या नवरदेवाचं लग्न लागलं. मुलगी वीस वर्षांची, शेजारच्या जिल्ह्यातल्या मेंढपाळाची. तिच्याकडून एकच बाई आली होती, ती म्हणे तिची मावशी. बाकीचं गणगोत कुठंय, हे मांडवात कुणी विचारलं नाही. नवरी मिळाली यातच गाव खूश होतं. मीही विचारलं नाही, मला ऊन उतरायच्या आत फोटो उरकायचे होते.

मुलगी रडत होती. पण नवरीच ती, रडणारच. बायका कौतुकानं म्हणत होत्या, "बघा की, किती गुणाची पोर हाय, डोळ्याचं पानी खळंना." मी मात्र वैतागलो होतो. रडका अल्बम कोण घेतं? शेवटी दहा वेळा "हस गं बाई, हस" म्हणून मी तिला हसवलं.

चार महिन्यांनी ती कुलूपबंद घराचा पत्रा उचकटून पळाली, तेव्हा सगळं बाहेर आलं. मावशी तिची कुणीच नव्हती. कापड दुकानात नोकरी लावते म्हणून तिनं पोरीला आणलं आणि नवरदेवाच्या चुलत्याच्या हवाली केलं. दिवसभर शेतात राबवायचे, दिवस मावळला की कुलूप. मावशी, चुलता आणि नवरदेव, तिघांवर मानवी तस्करीचा खटला उभा राहिला आणि मला साक्षीचं समन्स आलं.

सरकारी वकील बाई होत्या. त्यांनी मला पहिलीतल्या पोराला समजावतात तसं समजावलं.

"तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. तिला आणलं, नेलं किंवा कुणाच्या ताब्यात दिलं, ही एक. ते फसवून, धाक घालून किंवा लालूच दाखवून केलं, ही दुसरी. आणि ते शोषणासाठी केलं, ही तिसरी. एक जरी निसटली तरी तस्करी टिकत नाही."

"आन पोरगी हो म्हनली आसंल तर?"

"अशा प्रकरणात तिच्या होकाराला कायदा किंमतच देत नाही."

"मग माझा अल्बम कशाला, मॅडम?"

"कारण आरोपी म्हणतात, फसवणूक नाही, धाक नाही, पोरगी राजीखुशीनं आली. पुरावा म्हणून त्यांच्याकडे तुमचा अल्बम आहे. पानोपानी हसतेय ती." मग माझ्याकडे रोखून बघत त्यांनी विचारलं, "खरंच हसत होती का हो?"

घरी जाऊन जुनी हार्ड डिस्क काढली. मूळ फोटो मी कधी पुसत नाही, कारण "आमच्या भाऊजींचा एकबी फोटू न्हाई" म्हणून भांडायला लोक वर्षानं सुद्धा येतात. बघितलं तर प्रत्येक मूळ फोटोत मावशीची बोटं पोरीच्या दंडात रुतलेली. तीनदा बाजूला व्हा म्हटलं तरी ती बाई हलली नव्हती. मग मी तिला कॉम्प्युटरवर कापून टाकलं होतं आणि बोटांच्या जागी मोगऱ्याचा हार वाढवला होता. डोळ्यांची सूजही काढली होती. त्या हारावर तर मी स्वतःच फिदा होतो.

बायको म्हणाली, "कावून लफड्यात पडता? ऐन लग्नसराईत?" दोन दिवस मीही तेच म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी हार्ड डिस्क वकील बाईंना नेऊन दिली. फोटो पुरावा म्हणून चालावेत यासाठी त्यांनी सोबत माझा कॉम्प्युटर नीट चालतो असं प्रमाणपत्र मागितलं. माणूस नीट चालतो का, हे कुणी विचारलं नाही, नाहीतर पंचाईत झाली असती.

आरोपीच्या वकिलांनी अल्बम माझ्यापुढं धरला. "मुलगी हसतेय, बरोबर?"

"बरोबर, साहेब."

"हसायला तिच्यावर कुणी बळजबरी केली का?"

"मी केली, साहेब."

मग मूळ फोटोंवरून वकील तापले. "म्हणजे तुमचे अल्बम खोटे असतात?"

"समदेच, साहेब. तुमच्या घरच्या लग्नाचा बी मीच केलता."

वकीलसाहेबांना एकदम कागद चाळायचं आठवलं. न्यायाधीशांनी मात्र विचारलं, "ती रडत होती, हे तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

"साहेब, नवरी रडली तर लोकं म्हनतात घरानं चांगलं, आन हसली तर म्हनतात खुशीत हाय. तिनं काय केल्यावर आमाला कळलं आसतं, ते मला बी कळंना झालंय."

त्या लग्नसराईत माझ्या पाच सुपाऱ्या गेल्या. अल्बम खोटे असतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मी ते कोर्टात बोललो, हे गावाला खपलं नाही.

तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्या, तिघांनाही शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. खरं सांगायचं तर आभार ऐकायला गेलो होतो. "आमचं काय, आमी फक्त खरं बोललो," हे उत्तरही मनाशी घोकून ठेवलं होतं. ती मुलगी बापाबरोबर बाहेरच्या बाकावर बसली होती. मी पुढं जाऊन उभा राहिलो.

"तुमीच ना ते फोटूवाले भाऊ?"

"हो, बाई."

"त्या दिवशी माज्या तोंडाकडं तुमी एकटेच बगत होता. म्हनून म्या तुमालाच सांगनार होते, मला फसवून आनलंय म्हनून. 'भाऊ' इतकंच म्हनले, तर तुमी म्हनलात, बोलू नको, तोंड वाकडं येतंय."

मला ते काही केल्या आठवेना. आठवणार कसं, मी हे दर नवरीला सांगतो.