बारवेचा ताबा

आमच्या गावच्या बारवेला, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या दगडी विहिरीला, लोखंडी फाटक होतं. किल्ली शेटजींच्या घरी. त्यांच्या आजोबांनी कधीकाळी गाळ काढून, ढासळलेल्या पायऱ्या पुन्हा बसवल्या होत्या. तेव्हापासून बारव जणू त्यांचीच. आत कोनाड्यात आमची देवी. तिच्या पूजेलाही किल्ली मागायला जावं लागायचं.

एका नवरात्रात माय ताट घेऊन त्यांच्या ओट्यापाशी भर उन्हात उभी राहिली. शेटजी जेवत होते. आतूनच म्हणाले, "आज जमणार नाही. उद्या या."

माय भरलं ताट घेऊन परतली. माझं मात्र डोकं फिरलं. गावातले चार जण घेऊन मी कचेरीत खेटे घालू लागलो. बारव पुरातत्त्व खात्यानं घ्यावी, एवढंच मागणं.

ग्रामसभेत शेटजी ताडकन उठले. "गाळ आम्ही काढला. झाडं आम्ही उपटली. तेव्हा कुठं होता तुम्ही?"

"तुमच्या दारात उभे होतो," मी म्हणालो.

बारव खात्याकडं द्यायचा ठराव झाला. ताबा द्यायच्या दिवशी मी हात पुढं केला, तरी शेटजींनी किल्ली माझ्या हातावरून नेऊन खात्याच्या साहेबांना दिली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मग तारेचं कुंपण आलं, पाटी आली, पहारेकरी आला. देवीवरचा शेंदूर खरवडून काढला. पुढच्या नवरात्रात मी मायला घेऊन गेलो, तर पहारेकरी म्हणाला, "दर्शन घ्या मावशी. पण हळदकुंकू लावायचं न्हाई. दगड खराब होतो."

"आमची देवी हाय ती," मी म्हणालो.

"मला काय सांगून राह्यले? अर्ज तुमचाच होता ना?"

आमचा आवाज चढला. तेवढ्यात कुंभार पिंपळगावच्या बाजाराहून येणाऱ्या शेटजींनी गाडी थांबवली.

"मिळाली का बारव गावाला?"

"तुमच्या हातून तर सुटली. आता तुमच्या दारात कोणी येणार न्हाई."

"येऊही नका," म्हणत त्यांनी किक मारली.

माय माझ्याकडं वळली. "तुमच्या दोघांच्या भांडणात माझी देवी गेली," म्हणाली.

मी केलं ते बराबरच होतं, असं मला अजूनही वाटतं. पण त्या दिवशी ती भरलं ताट घेऊन घराकडं चालू लागली, अन् मी दोनदा हाक मारली तरी थांबली नाही.