गोदामापुढची हिरवळ

शहाण्या माणसांनी मला आयुष्यात फार छळलं. मूर्ख माणूस चूक करतो, डोकं खाजवतो आणि जेवायला घरी जातो. शहाणा त्या चुकीची योजना करतो आणि उद्घाटनाला पाहुणे बोलावतो. असल्या एका योजनेच्या आवारात मी संसार केला आहे, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

तुमसरच्या बाहेर तांदळाचं एक सरकारी गोदाम होतं. माझे यजमान तिथे गोदामपाल. कोणी चौकीदार म्हटलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, म्हणून हुद्दा आधीच सांगून टाकते. ऐंशी साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. आमचं क्वार्टर आवारातच, एका टोकाला. कुंपणापलीकडे पोती वाहणाऱ्या हमालांची वस्ती. मधे एक विहीर, आणि त्या एका विहिरीवर आमचं आणि वस्तीचं सगळं भागायचं. उन्हाळ्यात तिचं पाणी तळाला जायचं, पण आटत नसे. पलीकडच्या पहिल्याच घरातली हमालाची बायको माझी रोजची शेजारीण. विहिरीवर आम्ही दोघी घागरी भरता भरता अख्ख्या गोदामाची धुणी धुवायचो.

अशात नागपूरहून नवे साहेब आले. कुठल्याशा शिबिरात त्यांनी पर्यावरण हा शब्द ऐकला होता. नवी चप्पल मिळालेलं पोर जसं उगाच चार घरं फिरून येतं, तसा तो शब्द घेऊन ते गोदामोगोदामी फिरत होते. आमच्याकडे आले, कमरेवर हात ठेवून पत्र्याच्या छपराकडे बघितलं आणि म्हणाले, "गोदाम म्हणजे पोत्यांची कोठी नव्हे. गोदाम निसर्गाचा घटक झालं पाहिजे." यजमानांनी मान डोलावली. साहेब बोलले की मान डोलावणं हे त्यांच्या नोकरीतलं सगळ्यात चोख काम होतं.

निसर्गाचं पहिलं काम म्हणून साहेबांनी करंजाचं झाड तोडायला लावलं. गोदामाच्या पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर त्याची सावली असायची, हमाल तिथे भाकर खाऊन आडवे व्हायचे. पण पाला पडून कचरा होतो, आणि दर्शनी भागात हिरवळ लावायची तर ऊन हवं, असं साहेबांचं म्हणणं. झाड पडलं. भिंत तापली, आतल्या पोत्यांना सोंडे किडे लागले, आणि हमाल भाकरी घेऊन ट्रकखाली बसायला लागले.

झाड तोडलं त्या दिवशी साहेब जेवायला आमच्याकडेच होते. पाटोडीचा रस्सा वाढता वाढता मी म्हटलं, "साहेब, एवढा मोठा पत्रा आहे. पावसाळ्यात त्याच्यावरचं पाणी धो धो खाली पडतं आणि नाल्याला जातं. एक पन्हाळ लावून ते विहिरीकडे वळवलं तर उन्हाळ्यात वस्तीला पुरेल."

साहेबांनी रश्शाचा भुरका मारला. "वहिनी, हात फार चांगला आहे तुमचा."

यजमानांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मी आणखी एक पळी रस्सा साहेबांच्या ताटात ओतला. ज्या माणसाचे कान जेवताना बंद होतात त्याला निदान जेवू तरी द्यावं.

हिरवळीचं गवत नागपूरहून ट्रकमधून यायचं होतं. ते आलं मे महिन्यात, भर दुपारी, ताडपत्रीखाली उकडून. उतरवलं तेव्हा त्याची चटई झाली होती. इकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात पर्यावरणाचा म्हणून काही समारंभ ठरलेला, मोठे पाहुणे येणार, आदर्श गोदाम पाहणार. साहेबांचा फोन आला, काहीही करा, हिरवं पाहिजे. यजमानांना दोन दिवस अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी ते उठले आणि त्यांना त्यांच्या आयुष्यातली एकमेव कल्पना सुचली.

"पऱ्हे टाकू," ते म्हणाले.

पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी दाट पेरलेली धानाची रोपं. इथल्या शेंबड्या पोरालाही ती ओळखू येतात. वीतभर वाढली की लांबून अगदी हिरवळ दिसतात, हे मात्र खरं. गोदामापुढची जमीन नांगरली, चिखल केला, धान फेकलं आणि पाण्यासाठी विहिरीवर भाड्याचं डिझेल इंजिन बसवलं. मे महिन्यात, जिथे माणसाला घागरीचा हिशेब करावा लागतो तिथे, शासनाच्या आदेशावरून चिखल तयार होऊ लागला.

आठवड्याच्या आतच शेजारीण कुंपणाशी आली. तिच्या बादलीत पाण्यापेक्षा गाळ जास्त होता.

"बाई, गारा येऊन राहिला जी बादलीत. पोरीले काय पाजू मी?"

मी तडक घरात गेले. "अजी, वस्तीले पानी नाही. इंजिन बंद करा."

"पाहुणे येऊन जाऊ दे," यजमान म्हणाले.

"पाहुणे काय पोरीले पानी घेऊन येऊन राहिले का?"

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि गोदामात जाऊन बसले. मला त्या क्षणी त्यांची कीव आली नाही, किळस आली. धान्याच्या राशीवर बसलेला माणूस आणि शेजारच्या पोरीला घोटभर पाणी मिळत नाही.

वस्तीतल्या बायका मग बोडीवर जायला लागल्या. बोडी म्हणजे शेताजवळचं लहान तळं. पावसाळ्यात बरं असतं, मे महिन्यात त्यात म्हशी बसतात आणि उरलेल्या जागेत पाणी असतं. चार दिवसांत शेजारणीच्या पोरीला हगवण लागली. तीन वर्षांची पोर, गालफडं बसली, डोळे खोल गेले. आमच्या क्वार्टरला इंजिनाच्या पाइपातून दोन बादल्या मिळायच्या. त्यातली एक उकळून, मीठ-साखर घालून मी कुंपणावरून पलीकडे द्यायचे. दर वेळी देताना इंजिनाचा फटफट आवाज कानावर यायचा आणि हिरवळ सुरेख वाढत असायची. त्या कोवळ्या हिरव्या रंगाचा मला इतका तिटकारा आला होता की जेवताना मी दाराकडे पाठ करून बसायचे. पोर वाचली, पण महिनाभर तिच्या पायांत चालायचं बळ नव्हतं.

समारंभाचा दिवस आला. मांडव, सतरंज्या, हार, आणि आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टरवर आणून बसवलेले शेतकरी. पाहुणे उतरले, हिरवळ पाहून भारावले आणि चपला काढून तिच्यात शिरले. आदल्या दिवशी पाणी तोडलं होतं तरी खाली ओल होतीच, त्यांचा पाय घोट्यापर्यंत गेला. सतरंजीवरचा एक म्हातारा ताडकन उठला. "अरे, पऱ्ह्यात काहून घुसला जी हा मानूस! तुडवते ना!" त्याला दोघांनी सदरा धरून खाली बसवलं. बाकीच्या सगळ्या सतरंजीला खोकला झाला.

पाहुण्यांनी विचारलं, "कोणतं गवत हे?"

साहेबांनी यजमानांकडे पाहिलं. यजमान घाबरले की खरं बोलतात. "लुचई, सर."

लुचई म्हणजे आमच्या भागातलं जुनं, घरोघरी खाल्लं जाणारं धान.

"परदेशी जात आहे," साहेबांनी खुलासा केला. "उष्णता शोषून घेते. गोदाम थंड राहतं."

टाळ्या झाल्या. गोदामाला आदर्श म्हणून एक ढाल मिळाली, ती टेबलावरचे सोंडे झटकून तिथे ठेवली. दुसऱ्या दिवशी इंजिन गेलं, साहेब गेले, आणि हिरवळीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. विहीर हळूहळू पुन्हा भरू लागली.

पाऊस लागला आणि लगेच त्याने दडी मारली. शेतांवरचे पऱ्हे पिवळे पडून करपले. शेजारणीच्या घरची जवळच्या गावात एक बांधी होती, म्हणजे बांध घातलेला शेताचा एक तुकडा. तिचेही पऱ्हे गेले. गोदामापुढचे मात्र टवटवीत उभे, कारण जो काही पाऊस झाला होता त्याचं छपरावरचं सगळं पाणी तिथेच, नांगरून खोलगट झालेल्या जागेत येऊन साचलं होतं. साहेबांच्या आदर्श गोदामाने एवढं एक काम केलं, आणि तेही कोणी न सांगता.

पुन्हा पाऊस आला तेव्हा एका दुपारी शेजारीण दोन जावांना घेऊन फाटकातून आत आली. टोपल्या खाली ठेवल्या, वाकली आणि पऱ्हे उपटायला लागली. यजमान किल्ल्या वाजवत धावत गेले.

"अवो, हे काय करून राहिल्या? सरकारी हिरवळ हाय ते!"

तिने वरसुद्धा पाहिलं नाही. "पानी आमचं होतं जी. मंग पऱ्हे सरकारचे कसे झाले?"

मी पदर खोचला आणि तिच्या शेजारी जाऊन वाकले. यजमानांनी इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. मग म्हणाले, "बुडाशी धरून उपट. तुटून राहिलं ते." शेतकऱ्याचा मुलगा होता शेवटी. संध्याकाळपर्यंत आदर्श गोदामापुढे फक्त चिखल उरला. त्याची चौकशी करायला आजतागायत कोणी आलं नाही.

तिने ते बांधीत रोवले, पण वय झालेले पऱ्हे होते, पीक बेताचंच आलं. दिवाळीनंतर एका सकाळी शेजारीण कुंपणाशी उभी राहिली आणि पोरीच्या हातात कटोरा देऊन तिला आमच्या दाराकडे पाठवलं. पोर दोन्ही हातांनी कटोरा धरून, सांडू नये म्हणून त्याच्याकडेच बघत, आपल्या पायांनी चालत आली. नवा तांदूळ होता.

मी तो लगेच रांधला. यजमानांनी पहिला घास घेतला, थांबले, दुसरा घेतला. गोदामातला औषध मारलेला तांदूळ खाऊन खाऊन आम्ही नव्या तांदळाचा वास विसरलो होतो.

"कोणता तांदूर हा?" त्यांनी विचारलं.

"परदेशी जात आहे," मी म्हटलं. "जेवा गुपचूप."