खाण कसणारा शब्द

योकोहामाच्या त्या ऑफिसात आम्ही सातजण पुण्याहून आलेलो. सॉफ्टवेअरने हॉलंडच्या एका यंत्राचं मॅन्युअल डचमधून जपानीत आणायचं आणि आम्ही चुका टिपायच्या. एका सकाळी स्क्रीनवर सूचना आली : 'हे यंत्र फक्त माझ्या बांधकामासाठी वापरावे.'

मूळ डच शब्द 'मैनबाऊ', म्हणजे खाणकाम. सॉफ्टवेअरने त्याचे दोन तुकडे केले होते. 'मैन' म्हणजे खाण, पण 'माझं'सुद्धा. 'बाऊ' म्हणजे बांधकाम. सगळे खो-खो हसले. टीम लीडर म्हणाला, "राहू दे गं. खाणीतली माणसं कुठे मॅन्युअल वाचतात?"

"माझे वडील वाचायचे," मी म्हटलं.

बाबा चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत होते. खाली उतरण्याआधी फळ्यावरची सूचना बोट ठेवून वाचायचे, मागचे लोक कितीही ओरडले तरी. तरी लीडरने चूक 'किरकोळ' म्हणूनच नोंदवली. मी संतापून थेट क्लायंटच्या, म्हणजे यंत्र बनवणाऱ्या हॉलंडच्या कंपनीतल्या इंजिनिअरला मेल केला.

त्याचं उत्तर लांबलचक आलं. इथे 'बाऊ'चा अर्थ जुना आहे : कसणं, मशागत. शेतीला ते 'लांडबाऊ' म्हणतात. जर्मन लोक खाणकामाला 'डोंगर कसणं' म्हणत, त्याच धर्तीवर हा शब्द झाला. शेवटी लिहिलं होतं, 'सुंदर शब्द आहे ना?'

माझं डोकंच फिरलं. आमचं कपाशीचं चार एकर रान त्याच खाणीत गेलं होतं आणि त्याच्या बदल्यात बाबांना नोकरी मिळाली होती. ज्या जमिनीत कपाशी फुटायची, तिथून बाबा काळी थुंकी घेऊन घरी यायचे. सुंदर म्हणे!

रविवारी फोन केला. "बाबा, ते लोक खाण कसतात म्हणतात."

ते बराच वेळ खोकले. "म्हणू दे. तिकडे थंडी किती आहे?"

मॅन्युअल दुरुस्त झालं. 'आम्ही चूक शोधली' असा मेल लीडरने सगळ्यांना पाठवला. मला मात्र जपानी मॅनेजरपुढे उभं केलं : क्लायंटला परस्पर मेल का केला? माफीपत्र लिहून द्या.

मॅनेजर आवाज न चढवता बोलत होता. लीडर शेजारी मान खाली घालून उभा होता. मी लिहून दिलं, वाकून दिलं. लीडरवरचा राग वर्ष-दोन वर्षांत ओसरला. त्या वाकण्याचा अजून येतो.