टक्कल माझं, आजारपण वडिलांचं

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. मगच सांगतो. आता काय सांगू तुम्हाला, माणूस स्वतःच्या डोक्यापायी घरातल्या धडधाकट बापाला थेट दवाखान्यात नेऊन बसवू शकतो! मी बसवलंय.

सुरुवात झाली आमच्या सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या सलूनवाल्यापासून. कटिंग झाली की तो डोक्यामागं आरसा धरून "बघा साहेब" म्हणायचा. गेल्या वर्षी अचानक त्यानं आरसा दाखवणं बंद केलं. एकदा मी मागितला, तर म्हणाला, "कशाला बघताय? झकास झालंय की!"

इथंच मला शंका आली. घरी येऊन मोबाईल डोक्यामागं धरला आणि फोटो काढला. आधी वाटलं, चुकून गुडघ्याचा निघाला. मग कळलं, ही आपली टाळू.

वय एकतीस. ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. आणि दिवाळीनंतर माढ्याच्या अश्विनीशी माझा साखरपुडा झालेला. लग्न वैशाखात. पोरगी देखणी, शिकलेली, आणि केस म्हणाल तर कमरेपर्यंत! तिच्या शेजारी मी बोहल्यावर असा उभा राहणार? मधला अंतरपाट धरला की सगळा मांडव माझी टाळूच बघत बसायचा!

गेलो कातडीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी भिंग लावून डोकं बघितलं.

"घरात कुणाला आहे?"

"आजोबांना होतं."

"मग आलंच ते. दोन रस्ते आहेत. एक मिनॉक्सिडिल, डोक्याला लावायचं औषध. रोज न चुकता. सुरुवातीला काही आठवडे केस उलट जास्त गळतील, घाबरायचं नाही."

आता सांगा, घाबरायचं नाही म्हणजे काय? आहेत तेच घालवायला औषध लावायचं?

"दुसरी फिनास्टराइडची गोळी. ही गळणं थांबवते. पाच मिलिग्रॅमची गोळी आणा, चार तुकडे करा, केसांना रोज एक तुकडा पुरतो. सहा महिने तरी फरक विचारू नका."

सहा महिने! वैशाख बरोब्बर तेवढाच लांब होता. मी विचारलं, "साइड इफेक्ट?"

डॉक्टर जरा थांबले. डॉक्टर थांबले की माझं काळीज थांबतं. "फार थोड्या पुरुषांना इच्छा कमी झाल्यासारखी वाटते. कुणाला उदास वाटतं. बहुतेकांचं गोळी बंद केली की जातं. तसं काही वाटलं तर लगेच या. लग्न झालंय?"

"व्हायचंय."

"मग नीट विचार करून ठरवा," ते म्हणाले. आता यानंतर कुणाला झोप येते काय हो?

लावायचं औषध घेतलं तर घरात बाटली दिसणार, आई विचारणार, शेजारच्या काकूंना कळणार. गोळी गुपचूप घेता येते. म्हणून गोळी ठरवली. पण आणायची कुठून? घराजवळचा मेडिकलवाला बाबांचा विद्यार्थी. बाबा वळसंगला शाळेत गुरुजी होते, त्यांचे विद्यार्थी जिथं तिथं उगवतात. कॉलेजजवळचा तर माझ्या ऑफिसात रोज चहाला येतो. म्हणून मी टोपी घातली, तोंडाला रुमाल बांधला आणि स्कूटर काढून गेलो पार अक्कलकोट रोडला. वर आणखी हुशारी बघा, डॉक्टरांच्या कागदावर माझं नाव होतं, तो वरचा अर्धा भाग मी घरीच फाडून टाकला!

दुकानदारानं अर्धा कागद उलटा सुलटा केला. "ऐकू येईना, रुमाल काढून बोला की."

मी रुमाल काढला. तो माझ्याकडं बघत राहिला आणि एकदम ओरडला, "अहो महेशराव! वळखलं न्हाय व्हय? मी अश्विनीचा मामा!"

साखरपुड्याच्या फोटोत म्हणे माझ्या शेजारी उभा होता. साखरपुड्यात नवऱ्या मुलाला कोण कोण लक्षात राहणार, तुम्हीच सांगा!

मामांनी पुन्हा कागद बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "ही पाचची गोळी तर प्रोस्टेटला देतात. कुणाला वो?"

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "वडिलांना."

"आरं आरं आरं! गुरुजींना? रात्रीचं उठावं लागतं?"

"हो."

"किती येळा?"

"पाच." का सांगितलं पाच? आकडा विचारला म्हणून सांगितलाच पाहिजे असं थोडंच आहे!

"अडकत अडकत होती काय?"

"हो."

"जोर लावावा लागतो?"

"लई!"

काउंटरवर उभ्या उभ्या मी वडिलांचं अख्खं आजारपण तयार केलं. वरून हात जोडले, "मामा, कुणाला बोलू नका. बाबांना आवडत नाही." त्यांनी गळ्याची शपथ घेतली. माझी स्कूटर चालू व्हायच्या आत माढ्याला फोन गेला असणार, यात मला शंका नाही.

ऑफिसात फायलीत लपवून मी त्या गोळीच्या पाकिटातला कागद वाचला. अक्षरं मुंगीएवढी आणि भीती हत्तीएवढी. एका ओळीत लिहिलं होतं की छाती हुळहुळू शकते. मी तिथंच शर्टात हात घालून बघितलं. हुळहुळत होती! गोळी अजून पाकिटात होती, बरं का.

दुसऱ्या दिवशी आईच्या अडकित्त्यानं एका गोळीचे चार तुकडे केले, कागदात पुडी बांधली. रोज सकाळी एक तुकडा तळहातावर घ्यायचा, पाण्याचा पेला उचलायचा आणि विचार करायचा. घेतली तर केस राहतील, पण नवरा राहील का? नाही घेतली तर नवरा राहील, पण नवरी राहील का? डॉक्टरांनी फार थोडे म्हटलं होतं, पण त्या फार थोड्यांत मी नक्की असणार अशी माझी खात्री! पेला खाली ठेवायचा. तुकडा परत पुडीत जायचा. असे आठ दिवस गेले.

रविवारी दारात जीप थांबली. माढ्याहून अश्विनीचे वडील तात्या, सोबत मामा आणि शहाळ्यांचं पोतं!

तात्या आत आले आणि बाबांचा हात हातात घेतला. "काय वो गुर्जी, आमाला परकं समजता व्हय? येवढं हुतंय आन् कळवायचं न्हाय?"

बाबा बावचळले. "काय होतंय?"

मामांनी त्यांच्या कानात सांगितलं. मी सोफ्याच्या हातावर बोटं रुतवून बसलो. आता बाबा उसळणार, आता सगळं बाहेर येणार! पण बाबांचा चेहरा पांढरा पडला, आणि ते माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "तुला कळलं होतं होय रे?"

अहो, त्यांना खरंच त्रास होता! वर्षभर कुणाला न सांगता माणूस रात्रीचा उठत होता. आणि त्यांना वाटलं, लेकानं ओळखलं, गुपचूप डॉक्टरांना विचारलं. आईनं डोळ्याला पदर लावला.

"असा लेक मिळाया नशीब लागतं," तात्या म्हणाले. "आता वैशाखापतुर थांबायचं न्हाय, ह्या दुखण्याचा काय भरवसा. तुमच्या डोळ्यादेखत पोरांच्या अक्षता पडू द्या. भटजीला इचारून आलोय. तीन आठवड्यांनी मुहूर्त हाय."

तीन आठवडे! सहा महिन्यांचे तीन आठवडे झाले, आणि ते मीच केले! माझ्या अंगाला घाम फुटला. लोकांना वाटलं, वडिलांच्या काळजीनं.

ते गेल्यावर बाबा माझ्याजवळ येऊन बसले. "महेश, खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले? मी दोनदाच उठतो रे. पाचदा कधी झालं?" मग स्वतःच म्हणाले, "मोजायला चुकत असेन."

त्या वेळी मला रडू आलं, खोटं नाही सांगत. बोलायला तोंड उघडलं. पण डोळ्यांपुढं तात्या आले, शहाळी आली, अश्विनी आली. पोरगा टकला आहे, वर बापाच्या नावानं खोटं बोलतो, हे कळल्यावर कोण पोरगी देईल? तोंड मिटलं.

पुढचे दिवस बाबा काही ना काही आवरत होते. एके सकाळी बघतो तर ते घरातल्या सगळ्या किल्ल्यांना दोऱ्यानं कागद बांधत बसलेले, त्यांच्या त्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात, 'कपाट', 'वरची खोली', 'मीटरची पेटी'. आईला सिलेंडरचा रेग्युलेटर लावायला शिकवत होते. "पुढं लागेल तुला," म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि कपाळ भिंतीला टेकून उभा राहिलो. टाळूवरनं हात फिरवला तर बोटांत चार केस आले. एकही तुकडा न गिळता माझी छाती धडधडत होती, मन उदास होतं आणि कसलीच इच्छा उरली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात बस्ता बांधायला माढ्याची मंडळी सोलापूरला आली. साड्या नंतर, आधी दवाखाना, असं तात्यांनी ठरवलं. मामांनी मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. आपल्याकडं पेशंट एक असला तरी केबिनमध्ये सगळेच जातात. बाबा खुर्चीत, आई त्यांच्यामागं, तात्या, मामा, आणि दाराशी अश्विनी. मी टोपी घालून कोपऱ्यात. देवा, आज गोळीचा विषय निघू देऊ नको!

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळी चालू आहे म्हणे, कधीपासून?"

"कुठली गोळी?" बाबा म्हणाले.

"अहो, मी दिली की!" मामा म्हणाले. "महेशराव घेऊन गेले!"

सगळे माझ्याकडं वळले. माझा हात खिशाकडं गेला. त्या गोळ्या मी घरात कुणाला सापडू नयेत म्हणून रोज खिशातच ठेवायचो. पाकीट काढलं, पुडी काढली, टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी पुडी उलगडली. चार तुकडे, चारही जागच्या जागी.

"प्रोस्टेटला तुकडे करून कोण देतं? हे तर..." ते थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या टोपीकडं.

"टोपी काढा."

अहो, शिक्षा सुनावताना न्यायाधीशाचा आवाज असाच असतो! मी टोपी काढली आणि मग माझं तोंड सुटलं ते थांबेना. कागद फाडला ते सांगितलं. बाबांचं आजारपण बनवलं ते सांगितलं. साखरपुड्याला केस दाट दिसावेत म्हणून टाळूवर काळी पावडर थापून आलो होतो, तेही सांगितलं. "माफ करा," म्हणालो, "भीती वाटत होती."

तात्यांनी मामांकडं बघितलं, मामांनी पुडीकडं.

"म्हणजे मी मरत नाही? रात्री दोनदाच उठतो हो मी." बाबा म्हणाले.

"तपासल्याशिवाय काही सांगत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण मरायची घाई दिसत नाही. दोनदा उठता ते मात्र आधीच दाखवायला हवं होतं."

बाबांनी खुर्चीत मान मागं टाकली आणि आईचा हात घट्ट धरला. मी तात्यांकडं बघायचं टाळत होतो. आता मोडलंच. आता शहाळीसुद्धा परत मागतील!

"लाज न्हाय वाटली बापाला आजारी पाडाया?" तात्या गरजले.

"वाटली," मी म्हणालो. "रोज वाटली."

तेवढ्यात दाराशी कुणीतरी हसलं. अश्विनी! ओढणी तोंडाला लावून.

"तात्या, ह्यांना सांगा की आता," ती म्हणाली. मग स्वतःच माझ्याकडं वळली. "साखरपुड्याला तुम्ही आमच्या चाळीस माणसांच्या पाया पडलात. जिथं वाकलात तिथं काळं सांडलं! आत्त्याला वाटलं चुलीची काजळी लागली. आई सगळ्यांना पाय धुवायला पाणी देत होती."

"माझ्या बुटांवर बी हुतं," मामा पुटपुटले. "मला वाटलं पॉलिश निघालं."

सगळ्या माढ्याला माहीत होतं हो! आणि मी रुमाल बांधून अक्कलकोट रोडला!

"आमी तवाच घरात बोललो," तात्या म्हणाले, "केस न्हाईत तर न्हाईत, पोरगं वाकतंय तरी. आता हितं वाका. बापाच्या पाया पडा."

मी वाकलो. डॉक्टरांच्या त्या पांढऱ्याफेक ट्यूबलाइटखाली, सगळ्यांदेखत, टाळू वर करून बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. बाबांचा हात माझ्या पाठीवर आला.

अश्विनी दोन पावलं पुढं आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "बघा तात्या, आज पाय स्वच्छ राहिले!"