दुसरा फटका

बंगळुरात बनशंकरीतल्या त्या घरात आमच्या वाट्याला अंगण नव्हतं. पहिल्या मजल्यावरची अरुंद गॅलरी तेवढी होती, म्हणून मी लटकत्या पिशव्या आणल्या. हिरव्या, जाड प्लास्टिकच्या, हातभर लांब, अंगभर चिरा पाडलेल्या. आत माती, शेणखत आणि नारळाचा भुसा भरायचा, एकेका चिरेत पेटुनियाचं रोप खोचायचं आणि वरून पाणी द्यायचं. छताच्या दोन कड्यांत लोखंडी गज अडकवून मी पाच पिशव्या टांगल्या. दोन महिन्यांत पिशव्या दिसेनाशा झाल्या, नुसती जांभळी-पांढरी फुलं.

वरून पाणी घातलं की ते खालून गळणारच. गळायचं घरमालकांच्या दारात. ते नवराबायको खाली राहायचे. आम्ही त्यांना अण्णा आणि अक्का म्हणायचो. कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं मराठी घराणं. मी निपाणीची, त्यामुळे त्यांची कन्नड मिसळलेली मराठी मला जवळची वाटायची.

"पाणी स्वल्प कमी घाल गं," अण्णा सांगायचे.

मी "सरी, अण्णा" म्हणून होकार द्यायचे आणि व्हाइटफील्डच्या ऑफिसची कॅब गाठायच्या घाईत तांब्यावर तांब्या ओतून निघायचे. खाली ताटल्या बांधायचं ठरवत होते. बांधल्या नाहीत.

त्या रविवारी अण्णांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. मला ठाऊक नव्हतं. अण्णांनी सोवळं धुऊन दारातल्या दोरीवर वाळत घातलं होतं आणि माझं खताचं काळं पाणी त्यावर पडलं. खालून ओरडणं ऐकू आलं, मग जिन्यावर पावलं. ते केळीची पानं कापत होते. कोयता हातात तसाच होता.

"अण्णा, काय झालं?"

ते सरळ पिशव्यांकडे गेले. पहिल्या पिशवीवर कोयता असा बसला की ती वरपासून खालपर्यंत फाटली आणि चिखल माझ्या तोंडावर उडाला. मग दुसरी. मग तिसरी. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी कोपराने मला झटकलं, मी भिंतीवर आपटले आणि ओठ फुटला. चौथ्या घावाबरोबर गजाचं एक टोक कडीतून सुटून खाली आलं. मी तो गज ओढून काढला आणि त्यांच्या मनगटावर मारला.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कोयता चिखलात पडला. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं, माझ्याकडे बघितलं आणि "अगं..." एवढंच म्हणाले.

तेव्हा मी दुसरा फटका मारला. डोक्यावर, कानाच्या वर.

लहानपणी माझे वडील आम्हाला पट्ट्याने मारायचे आणि एका फटक्यावर कधी थांबायचे नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा एक मोकळेपणा दिसायचा, तो मला कधी कळला नव्हता. त्या सकाळी कळला. बरं वाटलं होतं. तिसऱ्यासाठी हात उचलला होता, तेवढ्यात नवरा न्हाणीतून ओल्या अंगाने धावत आला आणि त्याने गज हिसकावला. अण्णा चिखलात बसले होते. पांढऱ्या केसांतून रक्त गळ्यावर उतरत होतं. अक्का वर आल्या, त्यांनी पदर जखमेवर दाबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ऑटो बोलवा."

मनगट प्लास्टरमध्ये गेलं, डोक्याला टाके पडले. दवाखान्याने पोलिसांना कळवलं. पोलीस ठाण्यात सगळे माझ्याच बाजूचे. कोयता घेऊन म्हातारा बाईच्या दारात आला, यापलीकडे कुणी काही विचारलं नाही. तडजोडीच्या कागदावर अण्णांनी डाव्या हाताने सही केली.

चार दिवसांनी मी खाली गेले. अक्कांनी दार अर्धंच उघडलं.

"मनगटावर मारलंस ते मला समजतं," त्या म्हणाल्या. "डोक्यावर कधी मारलंस? आधी की मग?"

"मग."

"कोयता होता त्यांच्या हातात?"

"नव्हता, अक्का."

त्या चौकट धरून उभ्या राहिल्या. "मी त्यांना विचारलं. आठवत नाही म्हणाले." मग दार लोटत म्हणाल्या, "घर सोडा तुम्ही."

नवरा चिडला. "कबूल कशाला केलंस? कुणाला कळलं असतं?" मी म्हटलं, "अण्णांना माहीत आहे." तो म्हणाला, "मग काय झालं?"

सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा अण्णा दारात खुर्चीवर बसले होते, हात गळ्यात अडकवलेला. मी पाया पडायला म्हणून पुढे झाले. त्यांनी चटकन चांगला हात उचलून डोकं झाकलं.

मी जागच्या जागी थांबले. हात खाली यायची वाट बघितली. तो आला नाही, तेव्हा मागे वळले आणि टेम्पोत जाऊन बसले.